टाइप १ मधुमेह आणि धावणे : संध्याकाळी शुगर कोसळते, सकाळी चढते, असे का?

प्रश्न : तलावकाठचा

नमस्कार. माझे वय ३१ वर्षे असून टाइप १ मधुमेहाचे निदान होऊन येत्या दिवाळीत १७ वर्षे पूर्ण होतील. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याचे काम पाहतो. दिवस बहुतेक उभ्यानेच जातो, पण त्याला व्यायाम म्हणता येणार नाही, म्हणून मार्चपासून मी धर्मवीर संभाजी तलावाच्या परिसरात (आमच्या घरात अजूनही त्याला कंबर तलावच म्हणतात) संध्याकाळी सहाच्या सुमारास धावू लागलो.

माझे इन्सुलिन असे आहे : रात्री दहा वाजता ग्लार्जिन (दिवसभर संथ काम करणारे इन्सुलिन) २२ युनिट, आणि प्रत्येक जेवणाआधी अस्पार्ट (जलद काम करणारे), सकाळी ७, दुपारी ८ व रात्री ७ युनिट. याखेरीज पाच वाजता कारखान्यातून सुटल्यावर चहा आणि काहीतरी खाणे होते, त्यासाठी आणखी ४ युनिट.

अडचण अशी की धावायला सुरुवात करताना शुगर १७२ असली, तरी पंचवीस मिनिटांत ती ६१ वर आलेली मी स्वतः मोजली आहे. हे एकदा नव्हे, अनेकदा झाले. गेल्या महिन्यात तर मी बाकावर बसलो आणि मला धड बोलता येईना, तेव्हा जवळ आलेल्या दोन भल्या माणसांनी आधी माझे तोंड हुंगले आणि मगच पाणी हवे का असे विचारले. त्यांचा दोष नाही, पण ते विसरता येत नाही. त्यानंतर भीतीने मी धावण्याआधी दोन केळी खाऊ लागलो. त्यामुळे सुरुवातीला शुगर २९० दिसते, पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात आणि चाळीस मिनिटांनी ती पुन्हा सत्तरच्या घरात येतेच. पाच महिन्यांत माझे वजन तीन किलोने वाढले आहे. धावून वजन वाढवलेला मी सोलापुरातला एकमेव इसम असावा.

याच्या अगदी उलट, रविवारी सकाळी सहा वाजता काहीही न खाता, इन्सुलिन न घेता तेवढेच अंतर धावलो, तर ११८ वरून शुगर २१४ वर जाते. तेच शरीर, तेच अंतर, आणि निकाल असा. शिवाय ज्या दिवशी संध्याकाळी धावतो, त्या रात्री अडीच-तीनच्या सुमारास घामाने भिजून जाग येते. दोन वेळा मोजले तेव्हा शुगर ५४ आणि ५८ होती. अंगावर लावून सतत शुगर दाखवणारा सेन्सर मी एकदाच चौदा दिवस लावला होता. दर महिन्याला तो परवडणारा नाही, त्यामुळे माझा सगळा भरवसा ग्लुकोमीटरवर आहे.

माझे डॉक्टर म्हणतात, "चाला, धावता कशाला?" मला मात्र जानेवारीत दहा किलोमीटर धावायचे आहे. हे का होते आणि नेमके काय बदलावे, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर १ : पंधरा ग्रॅम

तुम्ही आकडे इतके नीट लिहून ठेवले आहेत की उत्तर त्यांतच आहे. मी तुमच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी आहे, मलाही टाइप १ आहे आणि गेली नऊ वर्षे मी धावते. त्यांतली पहिली दोन वर्षे तुमच्यासारखीच केळी खाण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुमच्या संध्याकाळच्या घसरणीचे कारण धावणे हे एकटे नाही. पाच वाजता घेतलेली ती चार युनिट हे खरे कारण आहे. अस्पार्टसारखे जलद इन्सुलिन टोचल्यानंतर साधारण एक ते दोन तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि त्याचे शेपूट तीन ते पाच तास रेंगाळते. म्हणजे तुम्ही सहा वाजता बुटांच्या नाड्या बांधता, तेव्हा ते इन्सुलिन ऐन भरात आलेले असते. ज्याला मधुमेह नाही असा माणूस धावू लागला की त्याचे स्वादुपिंड लगेच इन्सुलिनचा हात आखडता घेते, त्यामुळे यकृतातून साखर मोकळेपणाने रक्तात येते आणि स्नायू जेवढी ओढतात तेवढी भरून निघते. आपले इन्सुलिन कातडीखाली साठलेले असते, त्याला परत बोलावता येत नाही. ते स्नायूंना साखर ओढायला लावते आणि त्याच वेळी यकृताचा नळही बंद ठेवते. त्यातच धावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत घेऊ शकतो. एका हौदाला दोन तोट्या सुरू आणि वरून येणारे पाणी बंद, अशी ती अवस्था असते. सोलापूरकराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

केळ्यांचे गणितही यातूनच उलगडते. दोन मध्यम केळ्यांत मिळून सुमारे पन्नास ग्रॅम कर्बोदके येतात. ती तुम्ही धावण्यासाठी खात आहात असे वाटते, प्रत्यक्षात आधी घेतलेल्या इन्सुलिनला खाऊ घालत आहात. इन्सुलिन जास्त, म्हणून खाणे जास्त, आणि म्हणून वजन जास्त. यावर उपाय खाणे वाढवण्याचा नाही, धावण्याच्या वेळी शरीरात फिरणारे जलद इन्सुलिन कमी असण्याचा आहे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाचचा नाश्ता सातवर ढकलणे. दुपारचे इन्सुलिन तुम्ही एकच्या सुमारास घेत असाल, तर सहा वाजेपर्यंत पाच तास होतात आणि अंगात जवळजवळ फक्त ग्लार्जिन उरते. भुकेने कासावीस होत असाल आणि पाच वाजता खाणे अटळच असेल, तर त्या खाण्याचा डोस कमी करावा लागतो. मध्यम गतीने अर्धा तास धावायचे असेल तर साधारण निम्मा आणि तासभर धावायचे असेल तर पाऊण भाग कमी, असा प्रघात आहे, पण तुमचा नेमका आकडा तुम्हाला डॉक्टरांशी बोलून आणि स्वतः मोजूनच ठरवावा लागेल. मी स्वतः पहिला मार्ग पत्करला. घरच्यांना संध्याकाळचा चहा माझ्याशिवाय घ्यायची सवय लागायला एक महिना लागला, एवढाच काय तो त्रास.

एवढे करूनही वाटेत काही जवळ असलेच पाहिजे. मी ग्लुकोज पावडर वजनकाट्यावर मोजून पंधरा-पंधरा ग्रॅमच्या पुड्या बांधते. माझे इथले नाव तिथूनच आले. चमच्याने मोजू नका, एकाचा चमचा सपाट असतो तर दुसऱ्याचा शीग लावलेला. ओआरएसच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. प्रमाणित ओआरएसच्या एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे पेलाभर पिऊन जेमतेम तीन ग्रॅमही पोटात जात नाही. ते जुलाबासाठी बनवलेले आहे, शुगर लो होण्यासाठी नाही. शेंगदाण्याची चिक्कीही त्या क्षणी निरुपयोगी आहे, कारण शेंगदाण्यातील तेलामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो.

आता सकाळचे. पहाटे शरीरात कॉर्टिसॉल, वाढीचे संप्रेरक वगैरे चढत्या पातळीवर असतात, यकृत साखर सोडत असते आणि तुमच्या अंगात जेवणाचे इन्सुलिन जवळजवळ नसते. त्यामुळे तेच अंतर धावूनही शुगर टिकते किंवा चढते. तुम्ही रविवारी कुणाबरोबर चढाओढीने धावत असाल, तर अॅड्रेनालिनमुळे आणखी चढते. यात बिघडलेले काही नाही. फक्त २१४ पाहून पूर्ण दुरुस्तीचा डोस, म्हणजे चढलेली शुगर उतरवण्यासाठीचे जादा जलद इन्सुलिन, टोचू नका. धावल्यानंतर शरीर इन्सुलिनला जास्त दाद देते, म्हणून मी नेहमीच्या दुरुस्तीच्या निम्माच डोस घेते आणि तासाभराने पुन्हा मोजते.

अॅड्रेनालिनच्या या शुगर चढवण्याच्या गुणाचा एक फायदाही आहे. संध्याकाळी धावणे संपताना शुगर नव्वदच्या आसपास आणि उतरणीला लागलेली वाटली, तर शेवटी दहा सेकंद जीव खाऊन धावा. अॅड्रेनालिनमुळे घसरण काही काळ थोपते. हा साखरेला पर्याय नव्हे, घरी पोहोचेपर्यंतची सवलत आहे.

उत्तर २ : निसर्गमित्र

इन्सुलिनची एकदा सवय लागली की सुटत नाही. रोज सकाळी कारल्याचा रस घ्या आणि अनवाणी चाला, तीन महिन्यांत सुया बंद होतील. आमच्या ओळखीत झालेले आहे.

उत्तर ३ : एक फिजिशियन

आधीच्या उत्तराकडे कृपया कोणीही वळू नये. ज्यांचे झाले ते टाइप २ चे रुग्ण असतील. टाइप १ मध्ये शरीराच्याच प्रतिकारशक्तीने इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट केलेल्या असतात, आणि कारल्याने त्या परत येत नाहीत. इन्सुलिनची "सवय" लागत नाही, ते नसेल तर माणूस जगत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी अशा मुलांना उपासमारीच्या आहारावर काही महिने तग धरून ठेवणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. अनवाणी चालण्याचा सल्ला तर सतरा वर्षे मधुमेह असलेल्या माणसाला देणे मला धोक्याचे वाटते.

मूळ प्रश्नाकडे येतो. उत्तर १ मधील विवेचन योग्य आहे. मी त्यात सुरुवातीच्या शुगरचे आकडे जोडतो, कारण धावावे की नाही याचा निर्णय त्या एका मोजणीवर बराचसा अवलंबून असतो. धावण्याआधी शुगर ९० च्या खाली असेल, तर दहा ते वीस ग्रॅम ग्लुकोज घेऊन ती वर येईपर्यंत थांबावे. ९० ते १२५ च्या दरम्यान असेल, तर साधारण दहा ग्रॅम घेऊन निघावे. १२६ ते १८० ही संथ, लांब धावण्यासाठी उत्तम पातळी आहे आणि २७० पर्यंतही निघायला हरकत नसते. त्यापुढे गेल्यास मात्र आधी कारण शोधावे. नुकतेच खाल्ल्याने चढली असेल तर गोष्ट वेगळी, पण इन्सुलिन चुकल्यामुळे चढली असेल, तर धावून ती उतरत नाही, उलट वाढते, कारण इन्सुलिनच्या अभावी यकृत साखर आणि कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) दोन्ही ओतत राहते. अशा वेळी कीटोन तपासावेत. रक्तातील कीटोन ०.६ (मिलिमोल प्रति लिटर) च्या वर असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा आणि १.५ किंवा अधिक असतील तर धावणे वर्ज्य समजून तातडीने डॉक्टरांशी संपर्क साधावा. लघवीच्या कीटोनपट्ट्या स्वस्त असतात, पण त्या काही तासांपूर्वीची स्थिती दाखवतात, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या लिखाणात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती रात्रीच्या ५४ ची. धावताना स्नायूंतील साखरेचा साठा रिकामा होतो आणि पुढचे कित्येक तास स्नायू तो भरून काढत राहतात. इन्सुलिनला मिळणारी वाढीव दाद चोवीस तास किंवा त्याहून अधिकही टिकू शकते. संध्याकाळी धावणाऱ्याच्या बाबतीत हा काळ नेमका झोपेत येतो. यासाठी धावल्यानंतरच्या जेवणाचा अस्पार्टचा डोस कमी करणे, ग्लार्जिन त्या रात्रीपुरते सुमारे वीस टक्क्यांनी कमी करणे, झोपण्याआधी इन्सुलिन न घेता थोडे कर्बोदकयुक्त खाणे, असे पर्याय आहेत. तिन्ही एकदम करू नयेत, नाहीतर पहाटे तीनशे दिसतील आणि कशामुळे ते कळणार नाही. एकेक बदल करून निदान तीन-चार रात्री अडीच वाजता गजर लावून मोजावे. कंटाळवाणे आहे, पण सेन्सर नसताना दुसरा उपाय नाही.

आणखी एक गोष्ट रुग्णांना सहसा सांगितली जात नाही. आज शुगर लो झाली, की उद्याच्या व्यायामात तिच्या विरुद्ध उठणारा शरीराचा प्रतिसाद मंदावतो. थरथर, धडधड, घाम ही धोक्याची घंटा हळू वाजते किंवा वाजतच नाही. आपल्याला बाकावर बसेपर्यंत कळले नाही, याचे हे कारण असू शकते. म्हणून ज्या लोमध्ये दुसऱ्याची मदत लागली, तिच्यानंतर चोवीस तास धावू नये. पुढचे दोन-तीन आठवडे अंतर वाढवण्यापेक्षा एकही लो न होऊ देणे, हे ध्येय ठेवावे.

जानेवारीत दहा किलोमीटर धावणे अशक्य नाही. वासिम अक्रम यांना तिसाव्या वर्षाच्या सुमारास टाइप १ झाला आणि त्यानंतरही ते अनेक वर्षे जलद गोलंदाजी करत राहिले. अमेरिकेचे जलतरणपटू गॅरी हॉल ज्युनियर यांना १९९९ मध्ये निदान झाले आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले. मात्र सतरा वर्षांच्या मधुमेहानंतर वेग वाढवण्याआधी डोळ्यांचा पडदा, पायांची संवेदना, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब यांची तपासणी करून घ्यावी. पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील, तर आधी त्यांचे उपचार आणि मग धावणे. आपल्या डॉक्टरांनी "चाला" म्हटले ते कदाचित या शंकेनेच असेल. त्यांच्यासमोर हे आकडे ठेवून पुन्हा बोलावे.

उत्तर ४ : मुलीची आई

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, सहाव्या वर्षापासून तिला टाइप १ आहे आणि शाळेतून ती ८०० मीटर धावते. वरच्या उत्तरांतील शास्त्रात मी भर घालू शकत नाही, पण हाताळणीतल्या ज्या चुका आम्ही केल्या त्या सांगते.

पहिल्या स्पर्धेच्या दिवशी धावण्यापूर्वीच तिची शुगर २६० होती. न खाता! मी घाबरून पूर्ण दुरुस्तीचा डोस दिला. धावून झाल्यावर तासाभरात ती ४९ वर आली. नंतर समजले की ती चढ भीतीची आणि उत्साहाची होती आणि शर्यत संपल्यावर आपोआप उतरणार होती. थोडक्या अंतराची, पूर्ण जोराची शर्यत शुगर वाढवते, संथ आणि लांबची कमी करते, हा फरक मला कोणी आधी सांगितला असता तर बरे झाले असते.

दुसरी चूक गुळाची. तिने गुळाचा खडा खाल्ला, हात न धुता बोट टोचले आणि ग्लुकोमीटरने ३१२ दाखवले. हात धुऊन पुन्हा मोजले तेव्हा ८४. तुम्ही धावताना केळे किंवा ग्लुकोज हाताळत असाल, तर पाण्याची लहान बाटली आणि स्वच्छ फडके जवळ ठेवा. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसऱ्या थेंबावर मोजा. घामाने ओले बोटही चालत नाही, थेंब पातळ होतो.

तिसरी गोष्ट मोठ्या मंडळींनाही ठाऊक नसते, म्हणून आग्रहाने सांगते. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा ४० च्या तीव्रतेचे (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) असते आणि इन्सुलिन टोचायच्या पेनमधले १०० च्या. पेन बिघडला म्हणून काडतुसातले इन्सुलिन लाल टोपणाच्या, म्हणजे ४० च्या सिरिंजने ओढले, तर तेवढ्याच खुणेवर अडीच पट इन्सुलिन अंगात जाते. आमच्याकडे ते थोडक्यात टळले. १०० साठी केशरी टोपणाची सिरिंज वेगळी मिळते.

मुलगी म्हणते की मांडीत इन्सुलिन घेऊन धावू नका, पोटात घ्या, कारण धावणाऱ्या मांडीतून ते लवकर शोषले जाऊ शकते. आणि पेन दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. आपल्या एप्रिल-मेच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत डिकीतले इन्सुलिन दिसायला जसेच्या तसे राहते, पण त्याची ताकद जाते. मग शुगर का चढते म्हणून माणूस डोस वाढवत बसतो आणि नवा पेन उघडल्यावर त्याच डोसने लो होते. घरातला कोरा साठा फ्रीजमध्ये ठेवावा. वीज गेली किंवा बाहेर असलो, तर ओल्या मातीच्या मडक्यात ठेवलेली दुसरी लहान कोरडी मडकी उपयोगी पडते. आपली हवा कोरडी असल्यामुळे ती बरीच गार राहते.

"पंधरा ग्रॅम" ताईंशी एका बाबतीत माझे जमत नाही. सकाळी रिकाम्या पोटी शुगर चढतेच असे नाही. माझी मुलगी ९५ वर निघाली तर अर्ध्या तासात ७० ला येते. तेव्हा रविवारीही पुडी खिशात असू द्यावी.

त्या बाकाविषयी वाचून वाईट वाटले. आम्ही मुलीच्या गळ्यातल्या कार्डावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिले आहे : "मला मधुमेह आहे. मी गोंधळलेली दिसले तर साखर द्या. शुद्धीवर नसले तर तोंडात काहीही घालू नका, दवाखान्यात न्या." त्याखाली दोन फोन क्रमांक. तुम्ही त्यात "मी दारू प्यायलेलो नाही" असेही लिहू शकता. हसू नका, उपयोग होईल.

तलावकाठचा (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डोळ्यांचा पडदा तपासला, सुरुवातीचे किरकोळ बदल आहेत, धावायला हरकत नाही असे सांगण्यात आले. वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो तेव्हा तेही पाऊण तास बोलले.

पाचचा नाश्ता बंद केला. कारखान्यात दुपारी सव्वा वाजता शेवटचे अस्पार्ट होते. परवा सव्वासहाला १५८ वर निघालो, वीस मिनिटांनी दहा ग्रॅम ग्लुकोज घेतले आणि पंचेचाळीस मिनिटांनी थांबलो तेव्हा १०४ होते. तीन आठवड्यांत नऊ वेळा धावलो, सत्तरच्या खाली एकदाच गेलो, तेही ६७. त्या दिवशी दुपारी जेवायला उशीर झाल्याने इन्सुलिन तीन वाजता घेतले होते आणि मी ते विसरून निघालो. म्हणजे चूक कुठे झाली हे निदान आता कळते.

रात्रीचे एक निरीक्षण नोंदवतो. ग्लार्जिन २२ वरून १८ केले तेव्हा रात्र चांगली गेली, पण दुसऱ्या दिवशी दुपारी शुगर दोनशेच्या वर राहिली. आठवड्यातून तीनच दिवस धावत असल्याने हे गैरसोयीचे झाले. डॉक्टरांच्या सल्ल्याने ग्लार्जिन पूर्ववत केले आणि धावण्याच्या दिवशी फक्त रात्रीचे अस्पार्ट ७ वरून ४ वर आणले. आता रात्री अडीचला १०५ ते १३० मिळते. वजनही एक किलोने उतरले आहे.

आता एक नवा प्रश्न. कोजागरीला आमच्या गल्लीतील मंडळी तुळजापूरला पायी जातात. जवळपास ४५ किलोमीटर अंतर आहे. संध्याकाळी निघून रात्रभर चालायचे. आजवर मधुमेहाचे कारण सांगून मी टाळत आलो. या वर्षी जावे काय?

पंधरा ग्रॅम

जा, पण हे धावण्याहून वेगळे प्रकरण आहे. संथ चालणे नऊ-दहा तास चालते, म्हणून यात अचानक कोसळण्यापेक्षा हळूहळू झिरपत खाली जाण्याचा धोका अधिक, आणि तो दुसऱ्या रात्रीपर्यंत पुरतो. इथे मात्र ग्लार्जिन आदल्या रात्री कमी करण्याला अर्थ आहे, कारण तुमच्या बाबतीत त्याचा परिणाम दुसऱ्या दिवसभर दिसतो हे तुम्हीच मोजले आहे. चालून आल्यानंतरच्या रात्रीही कमीच ठेवावे लागेल. किती, ते डॉक्टरांना आधी विचारून घ्या. ग्लार्जिन पूर्ण चुकवायचे मात्र नाही, मग कितीही चालणार असा. दहाचा गजर लावा आणि चालता चालता का होईना, बाजूला थांबून ते टोचा.

वाटेत ठिकठिकाणी चहा, केळी, खिचडी आग्रहाने हातात दिली जाते आणि देवीचे म्हणून नाही म्हणवत नाही. थोडे-थोडे खात गेलात तर तेच तुमचे इंधन होईल, पण त्या प्रत्येक घासासाठी नेहमीच्या प्रमाणात अस्पार्ट घेऊ नका. दर तासाला मोजा. हात गार पडले की रक्त येत नाही, चोळून घ्या. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असू द्या, ती पोटासाठी. लो साठी पुड्याच, निदान सहा. त्यांतल्या दोन सोबत्याच्या खिशात ठेवा आणि त्याला ते कार्ड वाचून दाखवा.

नवी चप्पल घालू नका, धावण्याचेच बूट आणि दोन जोड मोजे न्या, आणि दर दोन तासांनी बसून टॉर्चच्या उजेडात तळवे पाहा. फोड आला असेल तर तिथेच थांबून एसटीने पुढे गेलात तरी देवी रागावणार नाही. मसाला दूध पेलाभर प्यायचे असेल, तर ते पोहोचल्यावर नको, शेवटच्या टप्प्याला लागण्याआधी प्या.